पटावरची घरे वाढतात तेव्हा

आजच्या विषयाचा आरंभ मी एका लहानशा प्रसंगाने करतो. दादरा-नगरहवेलीतील खेरडी या गावी मी मुलांना शिकवतो. पावसाळ्यात आमच्या बाजूस दिवसचे दिवस झड लागते, पटांगणाचा चिखल होतो आणि मधल्या सुटीत मुलांना ओसरीवरच बसून राहावे लागते. चार वर्षांपूर्वी अशाच एका पावसाळी दिवशी मी ओसरीच्या फरशीवर खडूने सापशिडी आखून दिली. मुलांनी पाहता पाहता तिचे एक राज्य केले. एका घरी दमणगंगेचा डोह आला, एका घरी बोलणारा साग उभा राहिला, एका घरी जादू जाणणारी म्हातारी राहावयास आली. प्रत्येकाने काही सोंग घ्यावयाचे, कुणी नावाडी, कुणी वैदू, कुणी शिकारी, आणि त्या सोंगाला शोभेल असेच बोलावयाचे, असाही नियम झाला. डोहाच्या घरी आल्यास नावाड्याने पुढे जावे, इतरांनी एक डाव थांबावे. मग कुणी विचारले, नावाड्याची नावच फुटली असेल तर? त्यासाठी नवा नियम झाला. नियम विसरू नयेत म्हणून वही आली. चार वर्षांत एकीच्या तीन वह्या झाल्या. मला त्या वह्यांचा मोठा अभिमान वाटे. शाळेत कुणी पाहुणा आला की मी त्या कौतुकाने दाखवीत असे.

गेल्या पावसाळ्यात वर्गात एक नवी मुलगी आली. जवळच्याच एका वारली पाड्यावरची. मुलांनी तिला आनंदाने खेळावयास बोलावले आणि तिच्या हाती त्या तीन वह्या ठेवल्या. दोन दिवस ती वाचीत बसली. तिसऱ्या दिवशी वह्या बाजूला ठेवून खांबाला टेकून बसलेली दिसली. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाली, "सर, हे सगळं पाठ होईपर्यंत पाऊस संपेल."

तिचे हे वाक्य माझ्या मनातून जाईना. ज्या वह्यांना मी मुलांच्या कल्पनेचे वैभव समजत होतो, त्या एका मुलीच्या वाटेतील भिंत झाल्या होत्या. आणि ती भिंत रचण्यास मीच उत्तेजन दिले होते. कल्पनेतील जग जसजसे वाढते, त्याच्या कथा आणि त्याचे नियम जसजसे दाट होतात, तसतसे ते श्रीमंत होते की गरीब? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा ते प्रथम आपल्याच मराठी मुलुखातील एका जुन्या पटावर सापडले.

त्या पटाचे नाव मोक्षपट. ज्ञानेश्वर आणि निवृत्तिनाथ या बंधूंनी हा खेळ रचला, असे आपली परंपरा सांगते. परंपरेचा मान राखूनही इतिहासाच्या अभ्यासकाने एवढे ध्यानात ठेवावे, की ज्ञानेश्वरांचा काळ तेराव्या शतकाचा आणि या खेळाचे आज उपलब्ध असलेले जुने पट अठराव्या शतकाच्या सुमाराचे. उत्तरेत यालाच ज्ञानचौपड म्हणत. आजची सापशिडी ही त्याचीच नात होय.

या पटावर सोंगटी म्हणजे जीव. काही रीतींत सहाचे दान पडेपर्यंत सोंगटी पटावर येतच नाही; म्हणजे तोवर जीवाला जन्मच नाही. जन्मल्यावर तो माया, क्रोध, लोभ, दया, दान, तप अशा नावांच्या घरांतून हिंडू लागतो. ७२ घरांचा जो वैष्णव पट प्रसिद्ध आहे, त्याच्या एका प्रचलित मांडणीत ५४ वे घर भक्तीचे असून तेथून निघालेली शिडी थेट ६८ व्या घरी, वैकुंठास पोहोचते. परंतु भक्तीला लागूनच ५५ वे घर अहंकाराचे, आणि तेथे साप. दोहोंत अंतर एका कवडीचे. मौजेची गोष्ट अशी, की वैकुंठ हे पटावरील शेवटचे घर नव्हे. त्याच्या पलीकडेही चार घरे आहेत आणि ७२ व्या घरी तमोगुणाचा साप वाट पाहत असतो. वैकुंठावर नेमके थांबण्याइतके दान न पडता जो पुढे सरकतो, तो त्या सापाच्या तोंडी जाऊन पुन्हा खाली उतरतो. येथे नियम आणि कथा वेगळ्या काढताच येत नाहीत. नियम पाळला की कथा कळते, आणि कथा कळली की नियम लक्षात राहतो.

हा पट सर्वत्र एकाच आकाराचा राहिला नाही. जैनांनी ८४ घरांचा पट रचला आणि आपली विश्वरचना त्यावर मांडली. पर्युषणाच्या दिवसांत तो घरोघर खेळला जाई. सूफींचा पट शंभर घरांच्या आसपासचा होता. वैष्णवांतही ७२ घरांखेरीज १२४ घरांचा पट होता. या मोठ्या पटाचा एक नमुना लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. पेशवाईच्या अस्तानंतर पुण्याचा कलेक्टर झालेल्या हेन्री डंडास रॉबर्टसन याने तो १८३१ मध्ये त्या संस्थेस दिला. 'शास्त्र्याचा खेळण्याचा पट' अशी त्याची नोंद झाली. हे नाव मला फार बोलके वाटते. ७२ घरे आजीलाही सांभाळता येतील. १२४ घरांना शास्त्रीच हवा. पटावर एक घर वाढले, की त्यास नाव हवे. नाव आले, की त्याचे स्थान ठरवावयास हवे. स्थान ठरले, की शेजारच्या घराशी त्याचा संबंध काय, हा प्रश्न उभा राहतो. विस्ताराचा हा मोह विद्वानास सुटत नाही, आणि त्यात वाईट काही नाही. तो प्रेमापोटीच होतो.

तथापि विस्तारूनही मोक्षपटाने एक गुण सोडला नाही. मी ख्रिस्ती घरात वाढलो. वैकुंठाची कथा मला कुणी मांडीवर घेऊन सांगितलेली नव्हती. तरीही या पटाचे चित्र प्रथम पाहिले, तेव्हा त्यावरचा मार्ग उमगण्यास मला गुरू करावा लागला नाही. ईर्ष्येच्या घरी साप आणि दयेच्या घरी शिडी, एवढे कुणासही कळते. खेळणाऱ्याला आधी फक्त दान टाकता आले पाहिजे. बाकीचे ज्ञान त्या त्या घरी त्याची वाट पाहत असते. सोंगटी तेथे पोहोचली म्हणजे ते त्याला भेटते.

पुढे या खेळाची उलट गत झाली. तो इंग्लंडात गेला आणि १८९२ मध्ये लंडनच्या एफ. एच. आयर्स या खेळसाहित्याच्या कारखानदाराने त्याची इंग्रजी आवृत्ती नोंदवली. आरंभीच्या इंग्रजी पटांवर काटकसर, पश्चात्ताप, आळस अशी त्या देशास रुचणारी नीतितत्त्वे चित्रांनी दाखवलेली असत. हळूहळू तीही गळाली आणि एक ते शंभर आकडे तेवढे उरले. आज तीन वर्षांचे मूलही सापशिडी खेळते, इतकी ती सोपी झाली. पण साप का गिळतो आणि शिडी कोठे नेते, हे सांगणारे तिच्यात काही राहिले नाही. सारे ओझे उतरवले, तर खेळ जगतो. मात्र त्यातील जग नाहीसे होते. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्या फाडून टाकणे हा काही उपाय नव्हता.

याच्या नेमके उलट उदाहरण विसाव्या शतकात अमेरिकेत घडले, आणि तो खेळ माझ्या ओसरीवरच्या खेळाचा सख्खा भाऊ शोभेल असा आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. पहिल्या खेपेस एका पेटीत तीन लहान पुस्तिका घालून अवघ्या १००० प्रती काढल्या होत्या. या खेळात एकजण सूत्रधार होतो. तो एका अद्भुत प्रदेशाचे वर्णन करतो, इतरजण योद्धा, मांत्रिक अशी सोंगे घेऊन त्या प्रदेशात वावरतात, आणि यश की अपयश हे फासे ठरवतात. आरंभीचे नियम इतके त्रोटक होते, की प्रत्येक मंडळीस आपल्या बुद्धीने मधली जागा भरून काढावी लागे. त्यातच त्या खेळाची गोडी होती.

पुढल्याच वर्षी, १९७५ मध्ये, 'ग्रेहॉक' नावाची पुरवणी निघाली आणि तिच्यात चोर हे नवे सोंग आले. कुलूप उघडणे, चाहूल न लागू देता सरकणे, ही त्याची खास कसबे ठरली आणि त्यांचे यशापयशाचे आकडेही छापून आले. वरकरणी पाहता खेळात भरच पडली. परंतु त्यापूर्वी कोणत्याही वीराने 'मी पावले न वाजवता जातो' म्हटले, की सूत्रधार विचार करून त्यास वाव देई. आता प्रश्न येऊ लागला, की हे काम तर चोराचे. तुला ते कसे जमेल? नवा नियम नवे दार उघडतो, हे खरे. पण पूर्वी उघडे असलेले एखादे दार तो नकळत लोटूनही घेतो. आमच्या नावाड्याचा नियम झाला, त्या दिवसापासून डोह पोहून जाण्याचा विचार एकाही मुलाच्या मनात आला नाही, हे मला तेव्हा कोठे ध्यानात आले!

एड ग्रीनवुड या कॅनडातील लेखकाने बालपणापासून मनात वाढवलेला 'फर्गॉटन रेल्म्स' हा प्रदेश १९८७ मध्ये या खेळासाठी प्रसिद्ध झाला. त्याचे नकाशे, राजे, देव आणि इतिहास यांवर पुस्तकांमागून पुस्तके निघाली. १९८९ मध्ये खेळाची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्या नियमांतून मारेकरी हे सोंग वगळले गेले. आता त्या प्रदेशात जे मारेकरी आधीच हिंडत होते, त्यांचे काय करावयाचे? त्यासाठी कथा रचली गेली, की देव मर्त्य रूपाने पृथ्वीवर उतरले, त्या धामधुमीत हत्येचा देव मरण पावला आणि सारे मारेकरीही मेले. नियम बदलला म्हणून देवास मरावे लागले! २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली, तेव्हा जादूच्या देवीचा वध होऊन त्या जगावर मोठा उत्पात कोसळला आणि तेथील कालगणना सुमारे शंभर वर्षे पुढे ढकलली गेली. वर्षानुवर्षे त्या जगावर जीव लावलेल्या खेळाडूंची ओळखीची गावे आणि माणसे एका फटक्यात गेली; पुष्कळांना ते रुचले नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मेलेले कित्येक देव परत आले आणि मोडलेले बरेचसे सावरून घेतले गेले.

मूळ कंपनीचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. १९९० नंतरच्या वर्षांत तिने एकापाठोपाठ एक नवी जगे बाजारात आणली. ज्याने एका जगाचे ग्रंथ विकत घेतले, त्याला दुसऱ्याचे नको असत. गिऱ्हाईक असे वाटले गेले, कर्ज वाढले, आणि १९९७ मध्ये ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. तिच्या पडतीची कारणे अनेक होती, पण हे त्यांतील एक होय.

श्रोतेहो, या दोन इतिहासांतून मला जे समजले, ते थोडक्यात सांगतो. कथा वाढल्याने खेळ बुडत नाही. जी कथा ठाऊक असल्यावाचून आत येता येत नाही, ती खेळाला जड होते. ज्ञान घराघरात असावे, दारात असू नये. आणि प्रत्येक नियम करताना, याने काय मिळेल एवढेच न विचारता, याने कोण अडेल, हेही विचारावे.

मी वर्गात हे सर्व मुलांना सांगितले. वह्या फाडल्या नाहीत. त्या कपाटात ठेवल्या. मुलांनी आपसात ठरवले, की नव्या खेळाडूस पाच वाक्यांत खेळ सांगावयाचा आणि लगेच दान टाकू द्यावयाचे. घराची कथा सोंगटी त्या घरी आल्यावरच सांगावयाची. नावाड्याचा नियम थोडा सैल झाला. आता ज्याला पोहून जावयाचे असेल त्याने दान टाकून पाहावे.

ती मुलगी खेळावयास बसली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने एका रिकाम्या घरावर बोट ठेवून सांगितले, "इथं वाघदेव आहे. इथं थांबून नमस्कार करायचा, मग पुढं जायचं." का, असे एका मुलाने विचारले. तिने आपल्या पाड्यावर ऐकलेली गोष्ट सांगावयास सुरुवात केली आणि सारी मुले दान टाकायचे विसरून ऐकत राहिली. कुणी वही मागितली नाही. बाहेर पाऊस चाललाच होता.