ल्यूथरने टिपलेल्या म्हणी

मी शाळेत मराठी शिकवतो. मुलांच्या लेखी म्हण म्हणजे हमखास गुणांचा प्रश्न. त्यामुळे पोपशी उभा दावा मांडणारा मार्टिन ल्यूथर स्वतःच्या हाताने जर्मन म्हणी उतरवत बसे, याचं मला भारी अप्रूप वाटतं. एकूण ४८९ म्हणी, एकीखाली एक. अर्थ नाही, स्पष्टीकरण नाही.

त्याचाच शिष्य योहानेस आग्रिकोला याने १५२९ मध्ये जर्मन म्हणींचं पुस्तक छापलं. त्यात प्रत्येक म्हणीवर भाष्य होतं. ल्यूथरची टिपणं मात्र छापण्यासाठी नव्हती, ती कामाची शिदोरी होती. बायबल जर्मनमध्ये आणताना बोली कुठून घ्यायची, हे त्याने १५३० च्या पत्रात बजावलं आहे: घरातल्या आईला विचारा, गल्लीतल्या पोरांना विचारा, बाजारातल्या साध्या माणसाला विचारा. लॅटिन पोथ्यांना नव्हे. त्याच्या प्रवचनांत आणि वादाच्या पुस्तिकांतही म्हणी जागोजागी येतात. विद्वान प्रतिपक्षाला तो गावरान भाषेत गार करी.

म्हणींचं हे हस्तलिखित पुढे ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पोहोचलं. एर्न्स्ट टीले यांनी ते १९०० मध्ये प्रथमच छापून आणलं. योगायोग असा, की आदल्याच वर्षी मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने जमवलेल्या मराठी म्हणींचं पुस्तक ऑक्सफर्डच्याच क्लॅरेंडन प्रेसने काढलं होतं. धर्म सांगायला निघालेल्या माणसाला आधी लोकांची जीभ शिकावी लागते, मग तो विटेनबर्गचा ल्यूथर असो की महाराष्ट्रात आलेला मॅनवेअरिंग.