देवदारू : देवांचे लाकूड

आपल्या घरांत देवदार हा शब्द दोनच प्रसंगी ऐकू येतो : एक बाळंतिणीच्या काढ्याच्या निमित्ताने, दुसरा मालाच्या खोक्यांच्या. त्यांपैकी खोक्यांचे तथाकथित ‘देवदारी’ लाकूड बहुधा चीड वा तत्सम वृक्षाचे असते. खरा देवदारू निराळा. तो पश्चिम हिमालयात सुमारे पाच ते दहा हजार फूट उंचीवर वाढतो आणि दीडशे फुटांपर्यंत जातो. संस्कृतात दारु म्हणजे लाकूड. तेव्हा नावाचा अर्थच देवांचे लाकूड असा होतो.

हे नाव पहाडी लोकांनी अक्षरशः खरे केले आहे. या लाकडातील सुगंधी तेलामुळे त्याला वाळवी वा बुरशी सहसा लागत नाही. म्हणून देवालये, धान्याची कोठारे व पूल यांसाठी तेच निवडले गेले. चंब्यातील भरमौरचे लक्षणादेवीचे मंदिर सातव्या शतकाच्या सुमारास मेरुवर्म्याच्या काळी उभे राहिले. त्याच्या कोरीव काष्ठद्वाराने शतकानुशतकांची बर्फवृष्टी सोसली आहे. मनालीचे हिडिंबामंदिर १५५३ चे. ते आजही देवदारांच्याच वनात उभे आहे. कुलू-शिमल्याकडील ‘काठकुणी’ बांधणीत दगडाचा एक थर आणि देवदारी तुळयांचा एक थर असे आळीपाळीने रचतात. चुना-मातीची गरज नाही. भूकंपात भिंत थोडी हलते, पण सहसा कोसळत नाही. देवदाराला धर्मभेदही ठाऊक नाही. श्रीनगरच्या जामा मशिदीचे बांधकाम १३९४ मध्ये सुरू झाले. ती तीनदा जळाली, तीनदा उभारली गेली. तिचे ३७८ खांब देवदाराचे आहेत आणि प्रत्येक खांब एकेका अखंड खोडाचा आहे. झेलमवरील जुन्या पुलांचे आधारही याच ओंडक्यांचे असत.

पुढे लोहमार्ग आला आणि या वृक्षावर संकट कोसळले. विनाप्रक्रिया टिकणारे स्लीपर देणारी मोठी झाडे साग, साल आणि देवदार एवढीच. फ्रेडरिक विल्सन नामक इंग्रजाने १८५० नंतरच्या दशकात टिहरीच्या राजाकडून हर्सिलकडील वनांचा मक्ता घेतला. तोडलेले ओंडके भागीरथीत सोडले जात. ज्या प्रवाहाची आपण पूजा करतो, त्यानेच ते मैदानात वाहून नेले. तोड इतकी झाली, की १८६४ मध्ये सरकारला वनखाते स्थापावे लागले व डीट्रिच ब्रँडिस पहिले महानिरीक्षक झाले. ही दया नव्हती. स्लीपर पुरेनासे होतील, ही धास्ती होती. विसाव्या शतकात क्रिओसोट तेलाची प्रक्रिया करून चिडाचे स्लीपर वापरात येऊ लागले, तेव्हा कुठे भार थोडा हलका झाला.

कालिदासाने ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात पार्वतीने पुत्रवत् वाढविलेला देवदार वर्णिला आहे. एका रानहत्तीने अंग घासून त्याची साल काढली, तेवढ्यावरून शिवांनी तेथे सिंह राखणीस बसविला. जुन्या मंदिराची तुळई बदलावयाची वेळ येते, तेव्हा याच वृक्षाकडे जावे लागते. आणि रोपाचे खोड तुळईच्या जाडीचे होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतात.