नोटबुक संगणकाची निगा : नियमांचा एक इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

यंत्राचा इतिहास लिहिताना शोधाची तारीख, शोधकाचे नाव आणि यंत्राची वाढत गेलेली शक्ती यांकडेच अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते. ते यंत्र विकत घेणारा मनुष्य त्याची ओळख कशी करून घेतो, ते टिकावे म्हणून कोणते नियम पाळतो आणि ते नियम मुळात कशामुळे निर्माण झाले, हा प्रश्न बहुधा मागेच राहतो. नोटबुक संगणकाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. बिजागरीवर उघडणारा पडदा आणि त्याखाली कळफलक हे या यंत्राचे बाह्य रूप गेल्या चार दशकांत फारसे पालटलेले नाही. परंतु त्याच्या पोटातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा भाग या काळात एकदा तरी समूळ बदलला आहे. रूप तेच राहिल्यामुळे यंत्रही तेच आहे असा समज होतो, आणि जुन्या यंत्राचे नियम नव्याला सर्रास लावले जातात.

‘नवी बॅटरी प्रथम रात्रभर चार्ज करावी’, ‘ती पूर्ण संपल्याखेरीज पुन्हा चार्जर जोडू नये’, ‘डिस्क दरमहा डिफ्रॅग करावी’, हे उपदेश आजही नव्या यंत्राच्या मालकास ऐकावयास मिळतात. यांपैकी एकही उपदेश मुळात निराधार नव्हता. प्रत्येकाचा जन्म यंत्राच्या एका विशिष्ट भागाच्या विशिष्ट दोषातून झाला होता. पुढे तो भाग गेला, दोषही गेला, आणि नियम तेवढा उरला. निगेच्या नियमांची ही उत्पत्ती व त्यांचे हे मागे उरणे तपासणे, आणि त्याबरोबरच निगेची जबाबदारी मालकाकडून यंत्राकडे व उत्पादकाकडे कशी सरकत गेली हे दाखविणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. वाहून नेण्याजोगे यंत्र

हातात धरता येईल अशा वैयक्तिक संगणकाची कल्पना ॲलन के यांनी १९६८ च्या सुमारास मांडली आणि १९७२ साली ‘डायनाबुक’ या नावाने तिचे सविस्तर वर्णन केले. हे यंत्र मुलांच्या हाती द्यावयाचे होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते यंत्र प्रत्यक्षात कधी तयार झाले नाही. बाजारात प्रथम यशस्वी ठरले ते १९८१ चे ‘ऑसबोर्न १’. त्याचे निर्माते ॲडम ऑसबोर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले होते, आणि २००३ साली त्यांचा मृत्यूही कोडाईकनाल येथेच झाला. त्यांचे यंत्र सुमारे अकरा किलो वजनाचे होते, त्याचा पडदा अवघा पाच इंची होता आणि त्यात बॅटरी नव्हती. ते नेता येत असे, परंतु चालवावयाचे ते भिंतीतील विजेवरच. १९८२ चे ‘ग्रिड कंपास’ हे यंत्र आजच्या नोटबुकप्रमाणे मिटणारे होते. त्याचे कवच मॅग्नेशियमचे होते आणि माहिती साठविण्यासाठी त्यात फिरती तबकडी नव्हती. अमेरिकेच्या अंतराळयानातून त्याचा प्रवास झाला. तथापि त्यातही बॅटरी नव्हती.

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राने मालकावर निराळेच उत्तरदायित्व टाकले. १९८३ चे ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ हे याचे उत्तम उदाहरण होय. घड्याळात वा विजेरीत घालतात तसल्या चार साध्या सेलांवर ते सुमारे वीस तास चालत असे, आणि म्हणूनच वृत्तपत्रांच्या बातमीदारांत ते लोकप्रिय झाले. त्यात डिस्क नव्हती. लिहिलेला मजकूर विजेवर जिवंत राहणाऱ्या स्मृतीत असे आणि सेल काढले असताना एक लहानशी निकेल-कॅडमियम बॅटरी त्या स्मृतीस काही दिवस तगवून धरी. यंत्राच्या तळाशी या स्मृतीच्या विजेचा एक स्वतंत्र खटका होता. तो चुकून सरकला की सारे लेखन नाहीसे होई. अशा यंत्राच्या मालकास सेल केव्हा बदलावयाचे, खटका कोणता आणि मजकूर दुसरीकडे केव्हा उतरवून ठेवावयाचा हे ठाऊक असणे अपरिहार्य होते. यंत्राची ओळख आणि यंत्राची निगा या येथे दोन गोष्टी नव्हत्या. यंत्रासोबत येणारे जाडजूड माहितीपुस्तक हे या ओळखीचे साधन होते. इतिहासाच्या अभ्यासकास ते अस्सल कागदपत्राच्या मोलाचे वाटावे, कारण कोणता भाग केव्हा दगा देत असे याची नोंद त्यातील सूचनांतच सापडते.

३. बॅटरीचा नियम व त्याचे उत्तरायुष्य

१९८९ च्या ‘कॉम्पॅक एलटीई’ने कागदाच्या आकाराच्या यंत्रात हार्ड डिस्क बसवून दाखविली, १९९१ साली ‘पॉवरबुक’ने कळफलक मागे सरकवून मनगटास टेकण्यास जागा दिली, १९९२ साली ‘थिंकपॅड’ आले. नोटबुकचे आजचे रूप या तीन-चार वर्षांत ठरून गेले. या पिढीच्या आरंभीच्या यंत्रांत निकेल-कॅडमियम बॅटरी सर्रास असे. ही बॅटरी पुनःपुन्हा अर्धवट वापरून चार्ज केली तर तिची क्षमता घटल्यासारखी होते, असा अनुभव होता. या दोषास ‘स्मृतिदोष’ असे नाव पडले. कृत्रिम उपग्रहांवरील बॅटऱ्यांत, जेथे प्रत्येक प्रदक्षिणेत नेमका तेवढाच वापर होई, तेथे तो स्पष्टपणे आढळला होता. रोजच्या वापरात त्याच नावाखाली खपणारे पुष्कळसे नुकसान वस्तुतः गरजेपेक्षा अधिक चार्ज केल्यामुळे होत असे. कारण कोणतेही असो, अधूनमधून बॅटरी पूर्ण रिकामी करणे हा त्यावरील उपाय उपयुक्त ठरे. नियम योग्य होता.

१९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांच्या ज्या संशोधनावर ती उभी होती, त्यास २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. काही वर्षांतच नोटबुकमध्ये तिने निकेलच्या बॅटरीची जागा घेतली. या नव्या बॅटरीचा स्वभाव जवळजवळ उलट आहे. अर्धवट चार्ज करण्याने तिचे बिघडत नाही. ती झिजते ती उष्णतेने, दीर्घकाळ पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहण्याने आणि अगदी तळापर्यंत रिकामी होण्याने. म्हणजे ज्या उपायाने जुनी बॅटरी सुधारत असे, त्याच उपायाने नवी लवकर म्हातारी होते. काही काळ यंत्र वापरावयाचे नसेल, तर ती सुमारे निम्मी भरलेली ठेवून थंड जागी ठेवणे हे तिच्या हिताचे असते.

जुना नियम लगेच नाहीसा झाला नाही याचे एक कारण सवय हे आहे. परंतु दुसरे कारण अधिक उद्बोधक आहे. २००० नंतरच्या दशकात काही उत्पादकांनीच महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण वापरून पुन्हा भरावी असा सल्ला दिला. या सल्ल्याचा बॅटरीच्या प्रकृतीशी संबंध नव्हता. बॅटरीत किती वीज उरली हे दाखविणाऱ्या मापकाचा अंदाज चुकू लागे आणि तो पुन्हा जुळवून घेण्यासाठी ही कृती होती. आचार तोच, हेतू मात्र संपूर्ण वेगळा, आणि मालकास हा भेद बहुधा कोणी समजावून सांगितला नाही. त्यामुळे नव्या सल्ल्याने जुनी समजूत दूर होण्याऐवजी तिला उलट बळकटीच मिळाली. विधी टिकतो आणि त्याचा अर्थ बदलतो, ही संस्कृतीच्या अभ्यासकांस परिचित असलेली घटना येथे वीस वर्षांच्या अवधीत घडलेली दिसते.

उष्णतेचा प्रश्न स्थलसापेक्षही आहे. अनेक नोटबुकांच्या माहितीपत्रकांत वापरासाठी ३५ अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा दिलेली असते. ज्या विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथे ही मर्यादा केवळ खोलीच्या हवेनेच ओलांडली जाते. समशीतोष्ण देशात सहज पाळला जाणारा नियम येथे विशेष दक्षतेचा विषय होतो. यंत्र बंद मोटारीत न ठेवणे, गादीवर ठेवून त्याची हवेची भोके न बुजविणे, पंख्यापाशी साचलेली धूळ काढविणे, या साध्या गोष्टींना अशा हवामानात अधिक मोल आहे.

४. डिस्क आणि पडदा

बॅटरीखालोखाल जपावा लागे तो भाग म्हणजे हार्ड डिस्क. हिच्यात तबकडी वेगाने फिरते आणि वाचक-शीर्ष तिच्यापासून अत्यल्प अंतरावर तरंगत असते. धक्का बसून ते तबकडीस घासले की माहिती नष्ट होते. १९८० नंतरच्या दशकातील अनेक डिस्कांच्या बाबतीत यंत्र हलविण्यापूर्वी एक स्वतंत्र आज्ञा देऊन हे शीर्ष सुरक्षित जागी नेऊन ठेवावे लागे. पुढे वीज बंद होताच शीर्ष आपोआप बाजूस जाऊ लागले. २००३ साली आयबीएमने थिंकपॅडमध्ये असा संवेदक बसविला की यंत्र पडू लागताच त्याची गती ओळखून शीर्ष तत्काळ दूर नेले जाई. मोटारीतील सुरक्षा-फुग्याच्या तत्त्वाशी जुळणारी ही योजना होती. जे काम प्रथम मालकाचे होते ते अशा रीतीने डिस्कचे झाले आणि नंतर यंत्राचे. अखेर फिरती तबकडीच गेली आणि एसएसडी आली. एसएसडीत हलणारा भाग नाही. तीवर माहिती विखुरलेली असली तरी वाचनास विलंब होत नाही. त्यामुळे डिफ्रॅग करण्याचा नियम निरर्थक ठरला; किंबहुना लेखनाच्या आवृत्त्या मर्यादित असलेल्या या साधनावर तो अनावश्यक झीज घडवितो. २००९ च्या ‘विंडोज ७’ने एसएसडीपुरते हे नियतकालिक काम आपण होऊनच बंद केले. तथापि एक नियम मात्र भागाबरोबर गेला नाही. एसएसडीही अचानक निकामी होऊ शकते, आणि तशी झाल्यास तीवरील माहिती परत मिळविणे पुष्कळदा अधिकच कठीण असते. माहितीची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे हा नियम मॉडेल १०० च्या काळी होता, तो आजही तसाच लागू आहे.

पडद्याचा इतिहास याहून वेगळी गोष्ट सांगतो. काचनळीच्या पडद्यावर एकच चित्र दीर्घकाळ राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटे, म्हणून हलत्या चित्रांचे ‘स्क्रीनसेव्हर’ आले. नोटबुकच्या द्रवस्फटिकी पडद्यास हा धोका जवळजवळ नव्हता; तरीही स्क्रीनसेव्हर शोभेपुरते टिकून राहिले आणि बॅटरीची वीज खात राहिले. पडदा मिटविणे हाच खरा उपाय होता. त्याच वेळी एक नवा नियम आला. काचनळीवर चालणारे अमोनियायुक्त काच-स्वच्छक द्रावण द्रवस्फटिकी पडद्याच्या पातळ थरास अपाय करते, म्हणून मऊ कोरडे, फार तर किंचित ओलसर कापड वापरावे, असे सांगितले जाऊ लागले. अलीकडे ओएलईडी पडदे नोटबुकमध्ये आले आहेत. यांत स्थिर चित्राचा डाग पुन्हा संभवतो, आणि कालबाह्य ठरलेला तो पहिला नियम पुन्हा सकारण झाला आहे. सारांश, नियम जुना आहे एवढ्याच कारणाने तो टाकाऊ ठरत नाही. तो कोणत्या दोषाचे उत्तर आहे हे पाहिल्याविना त्याचा निर्णय करता येत नाही.

५. निगेचे स्थलांतर

वरील उदाहरणांत एक समान प्रवाह आढळतो. बॅटरी किती भरावी हे अलीकडची यंत्रे स्वतः ठरवितात किंवा ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची सोय देतात. डिस्कची देखभाल संगणकप्रणाली करते. प्रोसेसर फार तापला तर तो आपली गती आपणच कमी करतो. जाडजूड पुस्तकाची जागा एका घडीपत्रकाने घेतली. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु याच काळात यंत्राचे कवचही मिटत गेले. पूर्वी एक खटका दाबून हाती येणारी बॅटरी २००८-०९ च्या सुमारास काही यंत्रांच्या पोटात गेली आणि पुढे काहींमध्ये ती चिकटवूनच टाकण्यात आली. यास केवळ व्यापारी हेतूच कारण होते असे म्हणता येत नाही. कवच पातळ झाले, बॅटरीस अधिक जागा मिळाली. शिवाय २००६ साली सदोष सेलांमुळे एकट्या डेल कंपनीस सुमारे ४१ लक्ष बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या होत्या. लिथियम ही हलगर्जीपणाने हाताळण्याची वस्तू नव्हे, हे त्यावरून सर्वांच्या ध्यानात आले होते. तथापि परिणाम असा झाला की, सर्वांत आधी झिजणारा भागच मालकाच्या हातापासून सर्वांत दूर गेला, आणि एका बॅटरीपायी सबंध यंत्र टाकून देण्याचा मोह सुलभ झाला.

याच्या उलट दिशेचा प्रयोगही याच काळात झाला. २००७ साली तयार झालेले ‘एक्सओ’ हे मुलांसाठीचे यंत्र डायनाबुकच्या कल्पनेचे वारसदार होते. त्यात पंखा नव्हता, फिरती डिस्क नव्हती. कळफलक रबरी पडद्याने बंद केलेला होता. आणि दुरुस्तीस लागणारे जादा स्क्रू त्याच्या मुठीतच ठेवलेले होते. यंत्र उघडणे हा अपराध नसून शिक्षणाचा भाग आहे, ही भूमिका त्या स्क्रूंतून व्यक्त होते. रायगड जिल्ह्यातील एका लहान ग्रामीण शाळेत त्याच वर्षी ही यंत्रे मुलांच्या हाती आली. हा उपक्रम जगभर अपेक्षेइतका विस्तारला नाही. पण त्याने उपस्थित केलेला प्रश्न पुढे कायद्याच्या क्षेत्रात गेला. भारत शासनाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमाने उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्यास काढता येईल अशीच असावी असे बंधन घातले असून त्यासाठी फेब्रुवारी २०२७ ही मुदत ठरविली आहे.

६. निष्कर्ष

नोटबुक संगणकाच्या निगेचे नियम हे अनुभवातून आलेले ज्ञान आहे, परंतु ते भागाशी, काळाशी आणि स्थळाशी बांधलेले ज्ञान आहे. त्यांतील काही भागांबरोबर संपले, काही अर्थ बदलून टिकले, काही नव्या भागामुळे पुन्हा सजीव झाले, आणि दुसऱ्या प्रतीसारखा एखादा नियम सर्व स्थित्यंतरांतून तसाच राहिला. म्हणून नव्या यंत्राच्या मालकाने प्रथम पाठ करावयाची गोष्ट नियमांची यादी ही नव्हे. बॅटरी कोणत्या जातीची, साठवण कोणत्या प्रकारची, पडदा कोणता, आणि कवच उघडते की नाही, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक नियमांची ग्राह्याग्राह्यता त्याला स्वतःच ठरविता येते. निगा यंत्राने आपल्याकडे घेतल्यामुळे हे प्रश्न विचारण्याची गरज कमी झाली असे वाटते, पण बॅटरी थकल्यावर यंत्र दुरुस्त करावे की टाकावे हा निर्णय आजही मनुष्यालाच करावा लागतो. तो निर्णय जाणतेपणाने व्हावयाचा तर यंत्राच्या अंतर्भागाची ओळख मालकास असली पाहिजे, आणि ती ओळख करून घेण्याचा मार्ग त्याच्यासाठी मोकळा राहिला पाहिजे.