पंधरा थाऊ

ज्यांच्या दारात अँबेसेडर होती त्यांना हा आवाज समजावून सांगावा लागणार नाही. सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून शिवणयंत्रासारखी टिकटिक यायची. तेवढी टिकटिक म्हणजे तब्येत ठीक. ती वाढून टकटक झाली की घरातले मोठे म्हणायचे, "टॅपेट मारतंय रे, मिस्त्रींना दाखव." बेळगावात आमच्या घरी हे वाक्य वर्षातून दोनदा तरी व्हायचं. बाबांची अँबेसेडर टॅक्सी होती. खानापूर, लोंढा करत अनमोड घाट उतरून गोव्याला जायचं आणि परत यायचं, यावर आमचं घर चालायचं.

गाडी कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनायची, पण तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचं. त्यात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. कॅमनं टॅपेट उचलायचं, टॅपेटनं पुशरॉड, पुशरॉडनं रॉकर, आणि रॉकरनं शेवटी व्हॉल्व्ह दाबायचा. सरकारी फायलीसारखाच प्रवास! तापल्यावर धातू वाढतो, म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडी फट ठेवावी लागते. ती फट पंधरा थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर साधारण ०.३८.

फट वाढली की टकटक. पण फार कमी झाली तर काय होतं, हे पुष्कळ गाडीवाल्यांना ठाऊक नसायचं. आवाज बंद होतो, गाडी गोड चालते, मालक खूश. आतमध्ये मात्र व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह हळूहळू जळतो. आमचे मिस्त्री म्हणायचे, "वाजणाऱ्या टॅपेटला भिऊ नका साहेब, गप बसलेल्याला भ्या."

हे मिस्त्री घरी दख्खनी बोलत, हाताखालच्या पोराशी कन्नड आणि आमच्याशी मराठी. टॅपेट, पाना, फिलर हे शब्द तिन्ही भाषांत तेच. भाषेवरून गावात काय काय झालं ते आपण सगळे जाणतो, पण त्या शेडमध्ये कधी अडचण आली नाही. बेळगावला यंत्राची ओढ जुनीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचं दुकान काढलं ते इथंच, चारा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगरही इथलेच. पुढं नगरपालिकेनं जागा सोडायला लावली आणि १९१० मध्ये ते औंध संस्थानात कुंडलजवळ गेले. कारखाना गेला, ओढ राहिली. उद्यमबागेत आजही फेरी मारली तर लेथचा आवाज कानावर येतोच.

१९८४ चा मे महिना, ऐन लग्नसराई. गाडी टकटकायला लागली. बाबांनी एका मोठ्या गॅरेजला दाखवली (नाव कशाला घ्या). त्यांनी ऐकलं न ऐकलं आणि निकाल दिला: बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, आठ हजार रुपये आणि तीन आठवडे. तीन आठवडे गाडी उभी म्हणजे मोसमच गेला. आणि आठ हजार होते ते ताईच्या लग्नाचे, पोस्टात. आई काही बोलली नाही, फक्त पासबुक काढून टेबलावर ठेवलं.

बाबा गाडी घेऊन आमच्या मिस्त्रींकडे गेले. मी आठवीत, सुट्टी लागलेली, म्हणून मागं बसले.

मिस्त्रींनी आधी पाना हातात घेतलाच नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग खाली ब्लॉकवर, मग परत वर. बेअरिंगचा आवाज जड असतो, इंजिनाच्या पोटातून येतो, चढावर जोर पडला की वाढतो. टॅपेटचा हलका, वरचा. शिवाय कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून त्याची चालही निम्मी. "हे वरचंच आहे," ते म्हणाले.

टॅपेट कव्हर काढलं. इंजिन मंद चालू ठेवून एकेका रॉकरखाली फिलरची पाती सरकवली. पाचव्याला पाती गेली आणि टकटक दबली. गंमत अशी, की इंजिन बंद करून मोजलं तर तिथली फट बरोबर पंधराच! मोठ्या गॅरेजात मोजली असती तरी पंधराच दिसली असती.

मिस्त्रींनी रॉकर उतरवून उलटा धरला. व्हॉल्व्हवर टेकतो त्या जागी घासून खळगा पडला होता. ओढ्यावर फळी टाकावी तशी फिलरची सरळ पाती खळग्याच्या दोन्ही काठांवर बसत होती. पातीला पंधरा लागत होते, खरी फट त्याहून जास्त. वरचा कडक थर पातळ असतो, म्हणून त्यांनी तेलाच्या दगडावर अगदी जपून तो घासून सपाट केला.

मग आठही टॅपेट नव्यानं. प्लग काढून पोरगा पुढून हँडलनं इंजिन फिरवायचा आणि आकडे सांगायचं काम माझ्याकडे. नियम नवाच्या बेरजेचा: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दबलेला असेल तेव्हा आठवा लावायचा, तिसरा दबलेला तर सहावा, चौथा दबलेला तर पाचवा. मिस्त्री शाळेत फार गेले नव्हते, पण हा हिशेब त्यांचा कधी चुकला नाही. मला बीजगणितातलं 'क्ष अधिक य' त्या दिवशी पहिल्यांदा पटलं.

गाडी चालू केली. शिवणयंत्र. मिस्त्रींनी सत्तर रुपये घेतले आणि पोराला चहा आणायला पिटाळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे वऱ्हाड घेऊन बाबा मोलेला गेले.

पुढं तेलाच्या दाबानं आपली फट आपणच भरणारे हायड्रॉलिक टॅपेट बऱ्याच गाड्यांत आले. युक्ती तशी जुनी, अमेरिकेत १९३० च्या सोळा सिलिंडरच्या कॅडिलॅकमध्येही होती. त्यात टकटक आली तर आधी तेल बघायचं: कमी आहे का, जुनं झालंय का, दाब पुरेसा आहे का. फिलर लागत नाही. २०१४ मध्ये उत्तरपाड्याची अँबेसेडरही थांबली.

ताईचं लग्न त्याच वर्षी तुळशीच्या लग्नानंतर झालं. वरात त्याच गाडीतून निघाली आणि पुढच्या सीटवर, बाबांच्या शेजारी, मिस्त्री बसले होते.