ऑपरेटर प्राधान्यक्रमातील बदल

एकाच पदावलीत अनेक ऑपरेटर आले असता कोणती क्रिया आधी करायची, हे ठरवणारा नियम म्हणजे प्राधान्यक्रम. शालेय गणितातील ‘कंचेभागुबेव’ हा असाच नियम होय. प्रोग्रामिंगच्या रुळलेल्या भाषेत हा क्रम बदलणे जोखमीचे असते. कारण जुना प्रोग्राम कोणतीही तक्रार न करता चालू राहतो आणि उत्तर मात्र वेगळे देतो.

सी भाषेतील & हे याचे प्रसिद्ध उदाहरण. तिच्या पूर्वीच्या बी भाषेत हेच चिन्ह बिटवरील क्रियेसाठी आणि अटी जोडण्यासाठीही वापरत. ‘क == ख & ग == घ’ अशी अट कंसांशिवाय लिहिता यावी म्हणून == ला वरचे स्थान होते. पुढे सी भाषेचे निर्माते डेनिस रिची यांनी अटी जोडण्यासाठी && हे वेगळे चिन्ह आणले, पण & जुन्याच जागी राहू दिले. परिणामी, संख्या सम आहे का हे पाहण्यासाठी ‘क & 1 == 0’ असे लिहिल्यास आधी 1 == 0 ही तुलना होते आणि एकूण उत्तर नेहमी शून्य येते. त्या वेळी लिहिलेले प्रोग्राम काही शे किलोबाइट आणि संगणक जेमतेम तीन ठिकाणचे होते, तरी ते बिघडू नयेत म्हणून क्रम बदलला नाही, असे रिची यांनी 1982 मध्ये नमूद केले. क्रम बदलला असता तर बरे झाले असते, हेही त्यांनी तेव्हाच मान्य केले. सी++, जावा आणि जावास्क्रिप्ट यांनी तोच क्रम उचलला; पायथन, गो आणि रस्ट यांनी & ला तुलनेच्या वर नेले.

चालू भाषेत बदल करता येतो, हे पीएचपीने दाखवले. तेथे मजकूर जोडणारा टिंब आणि बेरीज-वजाबाकी एकाच पातळीवर असल्याने ‘"एकूण: " . क + ख’ यात आधी मजकूर जोडला जाई. 2019 च्या 7.4 आवृत्तीने अशा कंसहीन पदावलींवर इशारा दिला आणि 2020 च्या 8.0 मध्ये बेरीज वरच्या पातळीवर गेली.

क्रम न बदलता सावध करण्याचाही मार्ग आहे. जीसीसी कंपायलर संशयास्पद ठिकाणी कंस सुचवतो. जावास्क्रिप्टमध्ये 2016 साली ** हा घातांकाचा ऑपरेटर आला, तेव्हा ‘-2 ** 2’ ही रचनाच अवैध ठरवली गेली. कंस घालून अर्थ स्पष्ट करणे तेथे सक्तीचे आहे.