पत्रा, सांगाडा आणि मूळ पाठ

धुळ्याचे नाव काढले की मराठी इतिहासाच्या वाचकास राजवाडे आठवतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ सालच्या अखेरच्या दिवशी या गावी निवर्तले, आणि त्यांचा संग्रह सांभाळण्याकरिता पुढच्याच वर्षी येथे संशोधन मंडळ स्थापन झाले. आम्ही मात्र गेल्या उन्हाळ्यात धुळ्यास गेलो ते दप्तरे चाळण्यासाठी नव्हे. एका मोटारीचे दार लागत नव्हते म्हणून गेलो.

मोटार आमच्या जळगावच्या मामांची. एम. जी. टी. सी. या नावाची ही दोन माणसांची उघडी शर्यती गाडी इंग्लंडात ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात तयार होत असे. सगळ्या मिळून सुमारे दहा हजार निघाल्या. लांब नाक, उंच तारांची चाके आणि मागच्या बाजूस बिजागरी असलेली लहानशी दारे, ही तिची ओळख. मामांच्या गाडीचे डावे दार मिटता मिटत नसे, आणि मिटलेच तर खड्ड्यात उघडे.

अशा कामास धुळेच का, असा प्रश्न वाचकांस पडेल. कॅप्टन ब्रिग्ज याने १८१९च्या सुमारास खानदेशाचे ठाणे म्हणून या गावाची निवड केली आणि नवी वसती आखली. मुंबई-आग्रा रस्ता येथून जातो. सुरतेहून जळगाव, नागपुराकडे जाणारा रस्ता त्यास येथेच छेदतो. जेथे दोन थोर रस्ते मिळतात तेथे मोडणे आणि सांधणे हे उद्योग आपोआप वाढतात. पूर्वी गाडीच्या धावा बसवीत, आता मालमोटारींचे पोचे काढतात. पोचे काढण्याची विद्या आपल्याकडे मोटारीबरोबर आली असे मात्र कोणी समजू नये. तांबट हंड्यास आतून खरवईचा आधार देऊन बाहेरून मठारतो. मोटारीचा मिस्त्री पत्र्याखाली लोखंडी ठोकळा धरून वरून हातोडी चालवतो. दोघांचाही खरा मापक तळहात. डोळ्यास न दिसणारा उंचवटा बोटांस कळतो.

या विद्येस आपल्या देशात भाव आला त्यास एक राजकीय कारणही आहे. मुंबईस शिवडी येथे जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ पासून होता. कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढली. पुढे १९५३ साली सरकारने ठरविले की, सुटे भाग क्रमाक्रमाने येथेच घडविण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी नाही त्यांनी परक्या भागांची नुसती जुळणी करीत बसू नये. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. धोरण योग्य की अयोग्य याचा खल येथे नको; परंतु ज्यांच्या दारी आधीच विलायती गाडी उभी होती, त्यांस नवे मडगार्ड वा नवे दार मिळणे दुर्घट झाले. जुना पत्राच सरळ करणे भाग पडले. इतर देशांत जो पुढे श्रीमंतांचा छंद झाला, तो आपल्याकडे गरजेतून शिकलेला धंदा आहे.

आता ‘सरळ’ म्हणजे काय, हा प्रश्न. इंदूरचे यशवंतराव होळकर यांच्या ड्यूसेनबर्ग गाडीस १९३६च्या सुमारास लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने अंग चढविले. असे अंग म्हणजे लाकडी सांगाड्यावर हाताने ठोकून बसविलेला पत्रा. डावा गाल उजव्याची तंतोतंत प्रतिमा असेलच असे नाही. जॅग्वारची प्रसिद्ध एक्सके १२० ही १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात मांडली गेली, तीसुद्धा पहिल्या सुमारे २४० गाड्यांपुरती अशीच अॅश लाकडावर ॲल्युमिनियम चढवून केली. साच्यातल्या पोलादी पत्र्याची पाळी १९५० साली आली. मामांच्या गाडीचा सांगाडाही अॅश लाकडाचाच. इंग्लंडच्या दमट हवेत मुरलेल्या त्या लाकडाने जळगावचे कैक वैशाख काढले होते.

धुळ्यास येण्यापूर्वी गाडी दुसऱ्या एका गावच्या कारखान्यात महिनाभर पडून होती. तेथील कारागिरांनी दार घासत होते तेथे कानस मारली, जेथे फट रुंद दिसली तेथे बोटभर लांबी भरली आणि वर चकचकीत रंग दिला. चार महिने सगळे ठीक दिसले. मग लांबीस तडे गेले आणि दार पूर्वीपेक्षा अधिक लोंबू लागले.

धुळ्याच्या वृद्ध मिस्त्रींनी दारास हातही लावला नाही. गाडीखाली निजून, उठून, हात पुसत ते म्हणाले, “काका, दार काय करील बिचारं? घर बसलंय.”

आम्हांस तत्क्षणी एकनाथांचे स्मरण झाले. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीच्या नाना प्रती जमवून पाठ शुद्ध केला. तेव्हा खटकणारी ओवी बदलण्याआधी ती खटकते का, हे त्यांस पाहावे लागलेच असेल. पहिल्या कारखान्याने ओवीच कानशीने घासली होती.

मिस्त्रींनी गाडी सपाट फरशीवर चार ठोकळ्यांवर उचलली, ओळंबे सोडले आणि चौकटीचे कर्ण दोरीने मोजले. पोलादी चौकट सरळ निघाली. दोष वरच्या लाकडात होता. डाव्या दाराची बिजागरी जिच्यावर, त्या मागच्या खांबाचा पाय कुजून भुसा झाला होता. खांब झुकला, म्हणून दाराचे पुढचे टोक खाली आले. सातपुड्याच्या सागाचा नवा पाय सांधला. अंग आणि चौकट यांच्यामध्ये पातळ चकत्या घालून, काढून, पुन्हा घालून ते पातळीत आणले. हे होईपर्यंत मामा रोज विचारीत, “दाराला केव्हा हात लावणार?” आणि मिस्त्री रोज चहा मागवीत.

दार टांगले तेव्हा वरची फट आपोआप सारखी झाली. कडेला मात्र कानशीने खाल्लेली जागा उघडी पडली. तेथे पत्र्याची पट्टी जोडून दुमड नव्याने काढावी लागली. मधला पत्रा आधीच्या ठोकाठोकीने ताणला गेला होता. बोट दाबले की डब्याच्या झाकणासारखा टक्‌कन आत-बाहेर होई. त्यास पावलीएवढ्या ठिपक्यांनी लाल तापवून, हलके ठोकून, ओल्या फडक्याने निववून आवळला. बॉनेटची फट शेवटी. रेडिएटरास मागे धरून ठेवणाऱ्या दोन सळ्या थोड्या फिरविताच ती जुळली.

खरा वाद त्यानंतर झाला. डाव्या मडगार्डाची कड उजवीपेक्षा दोन सूत खाली आहे, ती वर घ्यावी असे मामांचे म्हणणे. मिस्त्रींनी आतून दिवा धरून दाखविले: आतल्या अंगास कारखान्याचा पहिला रंग अभंग आहे, हातोडीची एकही खूण नाही, भोके जुनी व एकेरीच आहेत. ठोकर बसून वाकलेला पत्रा असा नसतो. ही कड ॲबिंग्डनहूनच अशी आली. आम्ही मिस्त्रींचा पक्ष घेतला. मामा म्हणाले की चूक जुनी झाली म्हणून ती बरोबर होते काय? या प्रश्नास आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर अजूनही ते पुरते सुचलेले नाही.

मडगार्ड तसेच राहिले. पारोळ्यापर्यंत मामा मुकाट्याने गाडी हाकीत होते. एरंडोलास चहासाठी थांबलो तेव्हा त्यांनी दार दोनदा उघडले, दोनदा लावले, आणि मग गाडीपुढे उकिडवे बसून ती डावी कड पुन्हा एकदा न्याहाळली.