जाड मुलांचे जेवण सुटले तर खूश होऊ नका

वजन जास्त असलेला मुलगा जेवण सोडू लागला की घरच्यांना बरेच वाटते. चला, आता तरी बारीक होईल! पण ही दुसऱ्या आजाराची सुरुवातही असू शकते. खाण्याचे विकार फक्त हडकुळ्या मुलींना होतात, हा गैरसमज आहे. लठ्ठपणा असलेल्या किशोरवयीन मुला-मुलींना हा धोका उलट जास्त असतो.

विकार कोणते?
बिंज ईटिंगमध्ये थोड्या वेळात भरपूर खाल्ले जाते, हात थांबत नाही, मागाहून लाज वाटते. बुलिमियात खाल्लेले उलटी करून किंवा जुलाबाच्या गोळ्या घेऊन बाहेर काढतात. ॲटिपिकल ॲनोरेक्सियात वजन झपाट्याने उतरते, पण मूल बारीक दिसत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. चक्कर येणे, नाडी मंद होणे, पाळी बंद होणे हे धोके मात्र तेच.

कारणे
नीटच्या तयारीसाठी नांदेड-लातूरला आलेली मुले हॉस्टेलवर राहतात. दिवसभर बैठक, झोप कमी, डबा तसाच परत आणि रात्री चिप्स. सुट्टीत घरी आले की दावतीत कुणीतरी म्हणतेच, "किती सुटलास रे!" मुलीला तर थेट लग्नाची भीती घालतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितले, की मनाने केलेले डाएट, घरातली वजनाची चर्चा आणि चिडवणे यांनी धोका वाढतो. सगळ्यांनी एकत्र जेवल्याने कमी होतो. एका दस्तरखानावर बसण्याची आपली सवय म्हणूनच मोडू नये.

मग वजनाचा इलाज करायचा नाही का?
जरूर करायचा. तज्ज्ञांच्या देखरेखीखालील उपचाराने बहुतेक मुलांमध्ये विकाराची लक्षणे वाढत नाहीत, उलट कमी होतात, असे २०१९ च्या एका आढाव्यात दिसले. टाळायचे ते उपासमार आणि जाहिरातीतल्या पावडरी.

रमजानमध्ये अशा मुलाकडे जास्त लक्ष द्या. आजाऱ्याला रोज्याची सवलत कुरआनमध्येच आहे (सूरह बकरा, १८४-१८५). रोज्याबाबत डॉक्टरांना आधी विचारा.

कुठे जावे?
नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. फोनवर बोलायचे असेल तर टेली-मानस १४४१६, मोफत, २४ तास.

पालकांना आमची विनंती एवढीच : आज रात्री वजनाचा विषय न काढता मुलासोबत जेवायला बसा.